साठच्या दशकातल्या हेरपटांचं फ्रेंच विडंबन: ‘ओ.एस.एस. ११७’चा रिओ भाग – घडण, संदर्भ आणि मराठी उपशीर्षकं

चित्रचौकट

मिशेल हाझानाव्हिसियुसच्या ‘ओ.एस.एस. ११७’ मालिकेतला दुसरा चित्रपट, ‘रिओ न रेपों प्ल्यू’ (म्हणजे ‘रिओकडून आता उत्तर येत नाही’), यासाठी हा वेगळा धागा. पहिला, कैरोचा, २००६ मध्ये आला आणि त्याची गोष्ट १९५५ मधली. दुसरा एप्रिल २००९ मध्ये आला आणि गोष्ट १९६७ मधली. दोन्हींत नायक ज्याँ द्युजार्दां, लेखनात दिग्दर्शकासोबत ज्याँ-फ्रांस्वा आलँ, कॅमेरा गीयोम शिफमन, संगीत ल्युदोविक बुर्स. पुढे २०११ मध्ये ‘द आर्टिस्ट’ केला तो बहुतांशी याच मंडळींनी. त्या चित्रपटातली जुन्या काळाची नक्कल ज्यांना आवडली, त्यांनी तिचा सराव कुठे झाला ते इथे पाहावं.

कथा थोडक्यात: फ्रेंच गुप्तहेर युबेर बोनिसर द ला बात याला ब्राझीलला धाडतात. फोन झिमेल नावाच्या फरारी नाझीकडे एक मायक्रोफिल्म आहे. युद्धकाळात जर्मनांना मदत करणाऱ्या फ्रेंच लोकांची यादी तिच्यात आहे. पैसे देऊन ती आणायची. वाटेत मोसाद या इस्रायली हेरसंस्थेची अधिकारी दोलोरेस कुलेशॉव्ह भेटते. तिला यादी नको, माणूस हवाय: जिवंत, खटला चालवण्यासाठी. युबेरची खात्री असते की युद्धकाळात सगळा फ्रान्स जर्मनांविरुद्धच्या प्रतिकारात होता, त्यामुळे यादी फार छोटी असणार. अख्खा चित्रपट या एका वाक्यावर उभा आहे.

माझं मत आधीच मांडतो. विडंबन म्हणून हा पहिल्यापेक्षा वरचढ आहे, कारण इथे चेष्टा हेरपटाच्या साच्यापाशी थांबत नाही, १९६७ चा फ्रान्स स्वतःबद्दल जी गोष्ट सांगत होता तिच्यापर्यंत जाते. आणि तरीही एकूण एक तांत्रिक गोष्ट प्रामाणिकपणे जुन्या पद्धतीची आहे. प्रकाश, कपडे, संगीत, गाड्या यांतलं काहीही प्रेक्षकाकडे बघून डोळा मारत नाही. हास्यास्पद आहे तो फक्त युबेर. या धाग्यावर चित्रपटाच्या घडणीबद्दल नेमकं लिहावं ही विनंती. यादीत कोणाचं नाव निघतं याचा उल्लेख पुढे येणारच, तेव्हा चित्रपट न पाहिलेल्यांनी इथेच थांबावं.

पॉकेटबुक_प्रेमी

मूळ पात्राबद्दल थोडं. बऱ्याच जणांना हे बॉण्डचं विडंबन वाटतं. ११७ हा बॉण्डच्या आधीचा आहे. ज्याँ ब्रूसची पहिली ११७ कादंबरी १९४९ मधली, फ्लेमिंगची पहिली बॉण्ड कादंबरी १९५३ मधली. ब्रूस १९६३ मध्ये मोटार अपघातात गेला. नंतर बायको जोसेत आणि पुढे मुलांनी मालिका चालवली. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा ज्या वेगाने निघायच्या आणि वाचल्या जायच्या, त्याच जातीचा हा माल: स्वस्त, झटपट, रेल्वे स्टेशनवर विकला जाणारा.

कादंबऱ्यांतला युबेर मात्र फ्रेंच वंशाचा, लुईझियानाचा अमेरिकन आहे आणि ओ.एस.एस. ही अमेरिकेची युद्धकाळातली हेरसंस्था, जी १९४५ मध्येच बंद झाली. हाझानाव्हिसियुस-आलँ जोडीने त्याला अस्सल फ्रेंच करून फ्रान्सच्या ‘स्देक’ या हेरखात्यात आणलं. बदल एवढाच, पण त्यामुळे त्याचा सगळा गर्व अमेरिकेऐवजी फ्रान्सच्या खात्यावर जमा होतो.

साठच्या दशकात याच पात्रावर गंभीर चित्रपटही निघाले होते. बहुतेकांचा दिग्दर्शक आंद्रे युनबेल, आणि नायक बदलत गेले: १९६३ आणि ६४ मध्ये केरविन मॅथ्यूज, ६५ आणि ६६ मध्ये फ्रेडरिक स्टॅफर्ड, ६८ मध्ये जॉन गॅव्हिन. यातला १९६५ चा ब्राझीलमध्येच घडतो. रिओ भाग पाहण्याआधी तो अर्धा तास जरी पाहिला, तरी कोणती चौकट कुठून आली ते ओळखू येतं. दुसरा आधार म्हणजे फिलिप द ब्रोकाचा १९६४ चा ‘लोम द रिओ’. बेलमाँदो रिओतून थेट अर्ध्या बांधलेल्या ब्राझिलियात धावत जातो तो. रिओ भागातली ब्राझिलियाची दृश्यं त्याला केलेला सरळ नमस्कार आहेत.

जाता जाता, १९६७ मध्येच आपल्याकडे ‘फर्ज’ आला. जीतेंद्रचा एजंट ११६. तेव्हा जगभर हेरांचे आकडे लावायची साथच होती.

मधुरा_प

ब्राझिलियाबद्दल भर घालते. राजधानी २१ एप्रिल १९६० ला सुरू झाली. आराखडा लुसियो कोस्ताचा, मुख्य इमारती ऑस्कर निमायरच्या. १९६४ मध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि निमायरला पुढे देश सोडून पॅरिसला जावं लागलं. म्हणजे १९६७ मध्ये युबेर ज्या इमारतींसमोरून ऐटीत चालतो, त्यांचा वास्तुरचनाकार तेव्हा युबेरच्याच शहरात परागंदा होता. चित्रपट हे बोलून दाखवत नाही, पण माहीत असलं की ती मोकळी, निर्मनुष्य पटांगणं वेगळी दिसतात.

शेवट रिओतल्या कोर्कोव्हादो डोंगरावरच्या ख्रिस्ताच्या पुतळ्यावर आहे, तिथेही फ्रेंच धागा निघतो. १९३१ मध्ये पूर्ण झालेल्या त्या पुतळ्याचा शिल्पकार पॉल लांदोव्स्की फ्रेंच होता, अभियंता ब्राझीलचा एतोर दा सिल्व्हा कोस्ता. पुतळा ३० मीटरचा, खाली ८ मीटरचा चौथरा. उंच स्मारकावरची झटापट आणि नायकाला असलेली उंचीची भीती, दोन्ही हिचकॉककडून. भीतीचं कारण मात्र यांचं स्वतःचं: युबेर पूर्वी सर्कशीत झुल्यावर होता आणि त्याच्या हातून जोडीदार निसटला होता.

चित्रचौकट

दोलोरेसचं आडनाव लक्षात घ्या. कुलेशॉव्ह हा संकलनाच्या सिद्धांताचा रशियन बाप. एकच निर्विकार चेहरा. त्याला सूपची वाटी, शवपेटी, स्त्री अशी वेगवेगळी चित्रं जोडली की प्रेक्षकाला त्या चेहऱ्यावर भूक, दुःख, वासना दिसते. या चित्रपटातले निम्मे विनोद याच तत्त्वावर बेतलेत. युबेर काहीतरी भयंकर बोलतो, चेहरा प्रसन्न. मग कट, दोलोरेस. मग पुन्हा युबेर, चेहरा तोच. पहिल्या वेळी आत्मविश्वास वाटलेलं हसू दुसऱ्या वेळी निव्वळ मूर्खपणाचं दिसतं. द्युजार्दांने मधल्या काळात काहीच केलेलं नसतं. दोलोरेस झालेल्या लुईझ मोनोचं काम म्हणूनच मोलाचं आहे. तिने जरा जरी विनोदी केलं असतं तरी सगळं कोसळलं असतं.

निगेटिव्ह_३५

स्प्लिट स्क्रीनबद्दल. रिओ भागात पडदा सारखा तुकड्यांत फुटतो आणि १९६७ च्या हिशेबाने ते बरोबर आहे. १९६६ च्या ‘ग्रां प्री’मध्ये शर्यतीसाठी वापर झाला होता. १९६७ च्या माँट्रियल जागतिक प्रदर्शनात ख्रिस्तोफर चॅपमनचा बहुचौकटी लघुपट गाजला आणि १९६८ मध्ये ‘द थॉमस क्राउन अफेअर’ने ती फॅशन पक्की केली.

तेव्हा हे काम ऑप्टिकल प्रिंटरवर व्हायचं. प्रत्येक तुकड्यासाठी वेगळा मॅट, म्हणजे बाकीची चौकट झाकणारा मुखवटा. एक तुकडा छापायचा, फिल्म मागे घ्यायची, दुसरा मॅट लावून तीच फिल्म पुन्हा उजळायची. सहा तुकडे असतील तर सहा फेऱ्या. पाचव्या फेरीत चूक झाली की पहिल्यापासून सुरुवात. शिवाय नक्कल एक पिढी पुढे जाते म्हणून फिल्मचा दाणा वाढतो, काळा रंग राखाडी होतो. आज संगणकावर करताना हा दाणा आणि हा फिका काळा मुद्दाम आणावा लागतो, नाहीतर तुकडे जाहिरातीसारखे चकचकीत दिसतात.

लघुपटासाठी कोणी करणार असेल तर आकडे देतो. २.३५ ची (उंचीच्या तितक्या पट रुंद) चौकट म्हणजे १९२० बाय ८१७ पिक्सेल. दोन भाग केले की प्रत्येकी ९६० बाय ८१७, जवळजवळ चौरस. तीन उभे भाग केले की ६४० बाय ८१७, म्हणजे उभं पोर्ट्रेट. चित्रीकरणाच्या वेळीच व्ह्यूफाइंडरवर या रेघा आखून घ्या. रुंद चौकटीत घेतलेला मध्यम शॉट नंतर कापला की हात तुटतात, नजरेपुढची जागा जाते. तुकड्यांमधली पट्टी ८ ते १० पिक्सेल पुरे. १९६७ ची चव हवी असेल तर काळी किंवा पांढरी ठेवा. आणि एका वेळी एकाच तुकड्यात हालचाल. बाकीचे तुकडे श्वास घेतील इतपतच. दोन तुकड्यांत एकदम कृती झाली तर प्रेक्षक अर्धी नक्की हुकवतो, आणि हुकलेली विनोदाची असली तर तो विनोद मेला. प्रतिक्रिया देणाऱ्याचा तुकडा वाक्य संपायच्या सुमारे एक सेकंद आधी उघडा ठेवायचा. डोळा तिथे पोचायला तेवढा वेळ लागतो.

दिवेलागण

निगेटिव्ह_३५, सहमत. मी जुन्या पद्धतीच्या रात्रीबद्दल आणि गाडीच्या दृश्यांबद्दल लिहितो, कारण विद्यार्थी लघुपटांत तिथेच सगळं फसतं.

दिवसा घेतलेल्या रात्रीला फ्रेंच लोक ‘अमेरिकन रात्र’ म्हणतात. कृती: सूर्य पात्रांच्या मागे ठेवायचा, शक्यतो तिरका. एक्स्पोजर दीड ते दोन स्टॉप कमी. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ३२०० केल्विनवर, म्हणजे भर उन्हात निळसर चित्र मिळतं. आकाश चौकटीबाहेर, टाळता येत नसेल तर फक्त वरचा भाग गडद करणारा ग्रॅज्युएटेड एनडी फिल्टर. फसतं कुठे? सूर्य समोरून घेतला की नाकाखाली दुपारची सावली पडते आणि कितीही निळं केलं तरी दुपारच राहते. दुसरं, गाडीचे दिवे. उन्हात हेडलाइट उजळ दिसतच नाहीत, त्यामुळे अंधारात दिवे बंद ठेवून धावणारी गाडी दिसते. दिवे दिसायलाच हवे असतील तर हा शॉट सूर्य मावळल्यानंतरच्या पंधरा-वीस मिनिटांतच घ्या.

गाडीतली दृश्यं: मागे पडदा, त्यावर आधी चित्रित केलेला रस्ता. याला पार्श्वप्रक्षेपण म्हणा. कैरो भागात त्याचा सढळ वापर आहे.

आधी रस्ता चित्रित करायचा, कलाकार नंतर. रस्त्याचा कॅमेरा ज्या उंचीवर आणि कोनात असेल, तीच उंची आणि तोच कोन स्टुडिओत. दोन्हींत फरक पडला तर क्षितिज नायकाच्या डोक्यावर जातं. मागच्या काचेतून दिसणारा रस्ता दूर जाणारा हवा, हे विसरून पुढचा रस्ता लावणारे कितीतरी आहेत. गाडी आणि पडदा यांत निदान तीन मीटर अंतर, नाहीतर गाडीवरचा प्रकाश पडद्यावर सांडतो आणि रस्ता धुऊन निघतो. पडद्याच्या मध्यभागी तेजस्वी ठिपका दिसत असेल तर प्रोजेक्टर मागे न्या आणि लांब भिंग वापरा. मोठा टीव्ही किंवा एलईडी भिंत असेल तर फोकस तिच्यावर पडू देऊ नका, लाटालाटांची जाळी उमटते.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. २४ फ्रेमवर १८० अंशाचं शटर लावलं तर काही दिवे आणि पडदे लुकलुकतात. २५ फ्रेम आणि १/५० घ्या, किंवा २४ वरच राहायचं असेल तर शटर १७२.८ अंश.

शेवटची गोष्ट अभिनयाची. साठच्या दशकातले नट सरळ रस्त्यावरही सुकाणू डावी-उजवीकडे फिरवायचे. विडंबनात हे वाढवण्याचा मोह होतो. जितकं मूळ चित्रपटांत होतं तितकंच ठेवावं. अंगावर येईल इतकं फिरवलं की प्रेक्षक नटाला हसतो, पात्राला नाही.

झूम_इन

झूम राहिला. पियेर आंजेन्यू या फ्रेंच कंपनीच्या दहापट झूम भिंगाला १९६४ साठी अमेरिकन अकादमीचा तांत्रिक सन्मान मिळाला होता. दशकाच्या उत्तरार्धात हे भिंग हातात आल्यावर दिग्दर्शक ट्रॉली सोडून झूमच मारू लागले. म्हणूनच १९५५ च्या कैरोत कॅमेरा स्थिर, शिस्तीचा आणि १९६७ च्या रिओत झूमची धावाधाव. दोन भागांतला काळाचा फरक भिंगातूनही कळतो. आजच्या झूम भिंगाने हे करायचं तर मोटर लावू नका, हातानेच फिरवा, आणि थांबताना किंचित पुढे जाऊन मागे या. तो हिसका त्या काळाचा.

शांत_वाचक

घडण उत्तम, पण मला एक अडचण आहे. युबेर दोलोरेससमोर ज्यूंबद्दल जे बोलतो, चिनी लोकांबद्दल, स्त्रियांबद्दल जे बोलतो, त्यावर थिएटरात हसणारा प्रत्येक जण त्याच्यावर हसत असतो, त्याच्याबरोबर नाही, हे कशावरून? विडंबन म्हटलं की सगळं माफ, हा युक्तिवाद मला पुरत नाही.

पॉकेटबुक_प्रेमी

प्रश्न रास्त आहे. उत्तर दृश्याच्या रचनेत शोधावं लागतं. माझे निकष तीन. शेवटचा शब्द कोणाचा? कॅमेरा शेवटी कोणावर थांबतो? आणि त्या पूर्वग्रहामुळे पुढे कोणाचं नुकसान होतं? रिओ भागात युबेरचं प्रत्येक अज्ञान त्यालाच महागात पडतं आणि बाहेर दरवेळी दोलोरेस काढते.

हुकूमशाहीवरचा संवाद बघा. युबेरच्या मते हुकूमशाही म्हणजे जिथे लोक कम्युनिस्ट असतात ती. दोलोरेस विचारते की ज्या देशात प्रमुख लष्करी माणूस, गुप्त पोलीस आणि एकच सरकारी टीव्ही वाहिनी, त्याला काय म्हणाल? युबेर अभिमानाने सांगतो की त्याला फ्रान्स म्हणतात, राष्ट्राध्यक्ष जनरल द गॉलचा फ्रान्स. इथे कोणी कोणाला हरवलं हे फक्त युबेरला कळलेलं नाही. (काटेकोर बोलायचं तर १९६७ मध्ये फ्रान्समध्ये दोन वाहिन्या होत्या. दुसरी १९६४ मध्ये आली आणि ऑक्टोबर १९६७ मध्ये तिच्यावर रंग आले. पण दोन्ही सरकारीच, तेव्हा दोलोरेसचा मुद्दा तसाच राहतो.)

मधुरा_प

आणि काळही नेमका निवडलाय. १९६७ च्या फेब्रुवारीत नाझींच्या ट्रेब्लिंका छावणीचा प्रमुख फ्रांझ श्टांगल याला ब्राझीलमध्ये साओ पावलोत अटक झाली. नाझी अधिकारी आइशमनला मोसादने ब्वेनोस आइरेसहून उचललं ते १९६० मध्ये. ६७ च्या जूनमध्ये सहा दिवसांचं युद्ध, आणि २७ नोव्हेंबरच्या पत्रकार परिषदेत द गॉल ज्यूंबद्दल जे बोलले त्यावरून फ्रान्समध्ये मोठं वादळ उठलं. स्देकची अवस्था तर त्याआधीच बिकट होती: १९६५ मध्ये मोरोक्कोचे नेते बेन बार्का पॅरिसमधून गायब झाले, त्या प्रकरणात तिचं नाव आलं आणि तिला पंतप्रधानांकडून काढून संरक्षण खात्याकडे दिलं गेलं. अशा खात्यातला साहेब ‘यादी घेऊन ये’ म्हणतो आणि त्याच यादीत त्याचंच नाव निघतं.

सगळे प्रतिकारात होते ही समजूत तडकायला पुढे बराच काळ गेला. रॉबर्ट पॅक्स्टन या अमेरिकन इतिहासकाराचं व्हिशी राजवटीवरचं, म्हणजे युद्धकाळात जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या फ्रेंच सरकारवरचं, पुस्तक १९७२ चं. फ्रेंच राज्याची जबाबदारी राष्ट्राध्यक्षांनी, म्हणजे शिराक यांनी, जाहीरपणे मान्य केली ती १६ जुलै १९९५ ला. चित्रपट त्यानंतर १४ वर्षांनी आला. प्रेक्षकाला उत्तर माहीत आहे, युबेरला नाही. हसू त्या अंतरातून येतं.

शांत_वाचक

दोलोरेसबाबत पटलं. फोन झिमेलच्या भाषणाचं काय? तिथे तर नाझीच्या तोंडी शायलॉकचं, शेक्सपियरच्या ज्यू सावकाराचं, स्वगत आहे.

चित्रचौकट

ते मला चित्रपटातलं सर्वात धाडसी दृश्य वाटतं. शेक्सपियरने ज्यू माणसाला माणूस म्हणून बघा असं सांगण्यासाठी लिहिलेले शब्द, आम्हालाही रक्त येतं वगैरे, एक नाझी स्वतःसाठी वापरतो. फोन झिमेल झालेला र्‍युडिगर फोगलर ते अगदी गंभीरपणे, चांगल्या रंगमंचावर म्हणावं तसं म्हणतो. त्याने डोळे फिरवले असते तर तो चुटका झाला असता. इथे मात्र ऐकणाऱ्याला दोन्ही गोष्टी एकदम जाणवतात: शब्द किती खरे आहेत आणि ते चोरणारा कोण आहे. मला तिथे हसू येत नाही, आणि ते दृश्य हसण्यासाठी असावं असंही वाटत नाही.

उपशीर्षक

मराठी उपशीर्षकांचं कोणी विचारेल म्हणून सविस्तर लिहितो. या चित्रपटाला इंग्रजीपेक्षा मराठी जास्त जवळची आहे. फ्रेंचमध्ये ‘त्यू’ आणि ‘व्हू’, मराठीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’. इंग्रजीत हा भेद सपाट होतो. युबेर आणि दोलोरेस एकमेकांना ‘व्हू’ म्हणतात, तेव्हा शेवटपर्यंत ‘तुम्ही’ ठेवा. तो अपमान करतोय आणि ‘तुम्ही’ म्हणतोय, यातच गंमत आहे. युबेर त्याचा साहेब लेसिन्याक याच्याशी बोलतानाही ‘तुम्ही’च, ‘आपण’ केलं तर पौराणिक नाटक होतं. ‘मादमुआझेल’ला ‘बाई’ नको, ‘ताई’ तर नकोच. ‘मादमुआझेल’ तसंच राहू द्या, वाचकाला समजतं.

सी.आय.ए.चा बिल ट्रुमेंडस हसत हसत अमेरिकन इंग्रजीत युबेरला भराभर शिव्या घालतो आणि युबेरला वाटतं कौतुक चाललंय. इथे सगळं भाषांतर करू नका. दर तीन-चार शब्दांतला एक घ्या, वाक्य तोडलेलं ठेवा. पूर्ण लिहिलं तर वाचक वाचतच राहतो आणि युबेरचा खुललेला चेहरा हुकतो.

मापं: जास्तीत जास्त दोन ओळी, ओळीला साधारण ४० अक्षरं. एक शीर्षक कमीत कमी एक सेकंद, जास्तीत जास्त सात. दोन शीर्षकांत दोन फ्रेमची मोकळी जागा. आणि या चित्रपटासाठी खास नियम: युबेर वाक्याच्या मध्ये थांबतो तिथे शीर्षकही तोडा. वाक्य ‘यादी छोटीच असणार, कारण’ इथे थांबत असेल तर उरलेला भाग पुढच्या शीर्षकात, त्याने तोंड उघडल्यावरच. सगळं एकदम दाखवलं तर प्रेक्षक नटाच्या आधी हसतो आणि पुढची शांतता रिकामी वाटते.

झूम_इन

उपशीर्षकांची फाइल सुरुवातीला चित्राशी जुळते आणि शेवटी चार मिनिटं मागे पडते. असं का होतं?

उपशीर्षक

फ्रेमचा वेग वेगळा आहे. चित्रपट १०१ मिनिटांचा, २४ फ्रेमचा. युरोपातली डीव्हीडी २५ फ्रेमने चालते, तिच्यावर तोच चित्रपट ९७ मिनिटांत संपतो. मिनिटाला २.४ सेकंद फरक पडत जातो. नुसतं पुढेमागे सरकवून उपयोग नाही, सगळ्या वेळांना ०.९६ ने गुणावं लागतं. मूळ फाइल २३.९७६ ची असेल तर ०.९५९०४ ने. उपशीर्षकाच्या बहुतेक संपादकांत ‘फ्रेमदर बदला’ अशी सोय असते, तीच वापरा. नंतर पहिलं आणि शेवटचं वाक्य तपासा. दोन्ही जुळली की मधली जुळतातच.

फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. एसआरटी या उपशीर्षकाच्या फाइल प्रकारात सेकंदानंतर स्वल्पविराम असतो, टिंब नाही. टिंब दिलं तर काही प्लेअर ती ओळ गाळतात. टीव्हीवर जोडाक्षरं फुटत असतील तर दोष फाइलचा नाही, टीव्हीच्या फॉन्टचा आहे. तेव्हा लॅपटॉपवरून केबल लावून दाखवा.